चार गोळ्या आणि एक लाल रेघ

गेल्या आठवड्यात औषधांच्या दुकानात माझ्यापुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी चिठ्ठी न दाखवता सेफिक्झिमच्या चार गोळ्या मागितल्या आणि दुकानदाराने काहीही न विचारता त्या पाकिटातून कात्रीने कापून दिल्या. प्रतिजैविकाची खूण असलेली उभी लाल रेघ उरलेल्या तुकड्यावरच राहिली. ताप उतरत नाही, जरा पॉवरची गोळी हवी, एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मला नाही, कारण डॉक्टरांची फी आणि दवाखान्यातले दोन तास वाचवण्यासाठी मीही हे अनेकदा केले आहे.

सेफिक्झिम हे शेड्यूल एच-१ मधले, म्हणजे खास नोंद ठेवूनच विकायच्या औषधांच्या सरकारी यादीतले औषध आहे. मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या नियमानुसार ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. शिवाय डॉक्टर, रुग्ण आणि औषधाचे प्रमाण यांची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. नियम चांगला आहे, पण तो पाळला जातो की नाही हे पाहायला कोणी दुकानात येताना मी तरी पाहिलेले नाही.

या चार गोळ्यांचे एवढे काय, असे वाटणाऱ्यांनी पाकिस्तानातल्या सिंध प्रांताकडे पाहावे. २०१६ मध्ये तिथल्या हैदराबाद शहरात टायफॉइडची अशी साथ सुरू झाली की क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सासिन ही जुनी औषधे तर निकामी ठरलीच, पण सेफिक्झिमच्याच कुळातले सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे इंजेक्शनही चालेना. तोंडाने घेण्याच्या औषधांपैकी भरवशाचे जवळजवळ अ‍ॅझिथ्रोमायसिनच उरले. संशोधकांनी त्या जंतूचा जनुकीय आराखडा तपासला, तेव्हा आतड्यात एरवी निमूटपणे राहणाऱ्या ई. कोलाय जातीच्या जंतूंमध्ये आढळणारा डीएनएचा एक सुटा तुकडा त्याच्यात सापडला, आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला दाद न देण्याची शक्ती त्याच तुकड्यातून आलेली होती. म्हणजे गोळी ज्या आजारासाठी घेतली त्याच्या जंतूपुरताच तिचा परिणाम राहत नाही. पोटातले इतर जंतूही तिच्याशी झुंजतात, त्यांतले तगून राहतात आणि आपली विद्या शेजाऱ्याला देऊन टाकतात. पुढे ती साथ पसरण्यात सांडपाणी मिसळलेल्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा होता.

म्हणूनच 'रुग्ण कोर्स पूर्ण करत नाहीत' एवढे म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. ज्या वस्तीत नळाला गढूळ पाणी येते आणि रक्तातला जंतू वाढवून ओळखणाऱ्या कल्चर तपासणीची सोय नाही, तिथला माणूस पॉवरची गोळी मागणारच. प्रतिजैविक वाचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे त्याची गरजच पडू न देणे, आणि त्याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. २०१८ मध्ये नवी मुंबई महापालिकेने टायफॉइडची नवी संयुग्मित (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेली) लस नऊ महिने ते चौदा वर्षे वयाच्या एक लाखाहून अधिक मुलांना मोफत दिली, आणि लस घेतलेल्या मुलांत टायफॉइडचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. एखाद्या उड्डाणपुलाइतकी चर्चा या कामाची झाली असती, तर बाकीच्या महापालिकांनाही जाग आली असती.

जगात २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसे दगावल्याचा अंदाज आहे. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांत देशांनी या प्रश्नावर राजकीय जाहीरनामा मंजूर केला, पण केरळने त्याची वाट पाहिली नव्हती. २०१८ मध्येच स्वतःचा कृती आराखडा तयार करून २०२४ च्या सुरुवातीला त्या राज्याने चिठ्ठीशिवाय प्रतिजैविके विकणाऱ्या दुकानांवर धाडी सुरू केल्या आणि ही औषधे वेगळ्या निळ्या पाकिटातून द्यायला लावली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाला हे जमणार नाही, असे मानायला मला काही कारण दिसत नाही.

काल त्याच दुकानात मी एच-१ ची वही पाहायला मागितली. दुकानदाराने ती काउंटरखालून हसत हसत काढून दिली. शेवटची नोंद दिवाळीच्या आधीची होती.