गेटबाहेरचे पंधरा तास

घाटात कुठे गाडी पलटी झाली की तासाभरात ग्रुपवर फोटो येतो आणि त्याखाली कुणीतरी लिहितं, "ड्रायव्हरला झोप लागली असणार." बऱ्याच वेळा ते खरंही असतं. मी एकवीस वर्षं गाडी चालवतोय. आधी तीन वर्षं क्लीनर होतो, मग सहाचाकी, दहाचाकी, आणि आता सात वर्षं कंटेनरचा ट्रेलर. झोप कशी लागते ते मला माहीत आहे. ती चाकावर बसण्याच्या किती आधीपासून साचत आलेली असते, ते आज लिहितो. लांबेल, पण वाचा. नाशिकमध्ये कारखान्यात काम करणाऱ्यांनी तर नक्की वाचा.

दोन वर्षांपूर्वीची फेब्रुवारीतली गोष्ट. न्हावाशेवा बंदरातून रिकामा कंटेनर उचलून रात्रभर चालवत पहाटे चारला नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर पोचलो. केबिनमध्येच आडवा झालो. सातला उठून तोंड धुतलं आणि सात चाळीसला एका कारखान्याच्या गेटवर रजिस्टरमध्ये सही केली. कारखान्याचं नाव लिहीत नाही, कारण दहा गेटांवर हेच चालतं. वॉचमनने टोकन दिलं, अकरा नंबर. म्हणाला, "नंबर आला की आवाज देतो, गाडी सोडून लांब जाऊ नका."

आता तुम्ही म्हणाल, मग झोपायचं ना. झोपता येत नाही. पुढची एक गाडी आत गेली की सगळी रांग एका गाडीने सरकते. तुम्ही सरकला नाहीत तर मागचा हॉर्न मारतो, तरी उठला नाहीत तर बाजूने काढून पुढे घुसतो, आणि टोकन कितीही नंबरचं असलं तरी तुम्ही मागे पडता. म्हणजे दर अर्ध्या-पाऊण तासाला उठायचं, सेल मारायचा, पन्नास-साठ फूट पुढे जायचं, पुन्हा बंद करायचं. दुपारी केबिनचा पत्रा तापतो. दोन्ही दारं उघडी टाकून पाय बाहेर काढून पडायचं, डोळा लागला-न लागला की शेजारचा दार वाजवतो, "ओ भाऊ, सरकली बघा."

संडासाचं विचारलं तर वॉचमन म्हणाला, आत ड्रायव्हरला सोडायची परवानगी नाही. त्याच्यावर माझा राग नाही. तोही ठेकेदाराचा माणूस, बारा तास उभा, त्याला साहेब बोलतात. पण मग जायचं कुठे? कंपाउंडच्या भिंतीमागे झुडपं आहेत, तिथे. दुपारी शिफ्ट सुटते तेव्हा त्याच रस्त्याने कारखान्यातल्या बाया घरी जातात. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मी, मुलीचं लग्न झालंय माझ्या. त्या वेळी मान खाली घालून उभं राहावं लागतं, त्याची लाज शब्दांत सांगता येत नाही. म्हणून आमच्यातले निम्मे लोक पाणीच कमी पितात. दोनदा मुतखडा झालाय मला. डॉक्टर म्हणाले, पाणी भरपूर प्या. मी मान हलवली.

संध्याकाळी सातला नंबर आला. आत जायचं तर सेफ्टी शूज पाहिजेत, चप्पल चालत नाही. नियम बरोबर आहे, पायावर पेटी पडली तर बोटं जातात. पण बूट कुणी देत नाही. समोरच्या चहाच्या टपरीवर बूट भाड्याने मिळतात, पन्नास रुपये. मला मिळाले ते एक नंबर लहान होते, आतून ओले, माझ्या आधी कोणीतरी दिवसभर घातलेले. तेच घालून साडेतीन तास कंटेनरच्या दाराशी उभा राहिलो. माल भरून झाला तर लोडिंगवाल्यांची शिफ्ट बदलली, मग बिलं तयार नव्हती, मग सील लावणारा जेवायला गेला होता. रात्री साडेदहाला गाडी गेटबाहेर काढली. कागद हातात देताना सुपरवायझर अगदी गोड बोलला, "अण्णा, सकाळी सहाच्या आत बंदरात गेट-इन झालं पाहिजे हं, नाहीतर कंटेनर जहाजाला चुकेल."

सात चाळीसला सही, साडेदहाला सुटका. पंधरा तासांत दहा मिनिटं कमी. आणि त्यानंतर सगळी घाई माझी.

विल्होळी, वाडीवऱ्हे, गोंदे, घोटीचा टोल, इगतपुरी. कसारा घाट नीट उतरलो. मला गाडी शिकवणाऱ्या उस्तादांनी घोकून घेतलं होतं, ज्या गिअरमध्ये घाट चढशील त्याच गिअरमध्ये उतरायचा, ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर लायनर तापून ब्रेक जाईल. घाटात झोप येत नाही. अंगाचा प्रत्येक भाग जागा असतो, कान इंजिनच्या आवाजावर, डोळे समोरच्या वळणावर. झोप येते घाट संपल्यावर, रस्ता सरळ झाला, पायावरचा ताण उतरला की. खर्डी गेलं आणि आटगाव यायच्या आधी कधीतरी मी गेलो. किती सेकंद, माहीत नाही. डावीकडची चाकं साइडपट्टीवर उतरली, खडी खालून पाट्याला तडतड वाजली, त्या आवाजाने जागा झालो. कंटेनर एकदा डावीकडे कलला, एकदा उजवीकडे. स्टिअरिंग झटक्यात ओढलं असतं तर पलटी ठरलेली. धरून ठेवलं, हळूहळू आत घेतलं. शंभर-दीडशे फूट पुढे साइडपट्टीवर एक छोटा टेम्पो उभा होता, मागचं चाक काढलेलं, आणि दोन पोरं जॅकपाशी बसलेली. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यांना कधीच कळणार नाही.

पुढच्या ढाब्यावर गाडी लावली. हँडब्रेक ओढताना हात थरथरत होता. तिथे अडीच तास झोपलो, बंदरात आठनंतर पोचलो, गेट-इन चुकलं. पुढच्या पगारातून तीन हजार कापले. मालकाशी बोललो तर त्याने मोबाइल पुढे केला. जीपीएसवर स्पष्ट दिसत होतं, सकाळी सात चाळीस ते रात्री साडेदहा, गाडी उभी. म्हणाला, "दिवसभर गाडी उभीच होती की. झोपायचं ना तेव्हा."

मला जे सांगायचंय ते सगळं या एका वाक्यात अडकलंय. गाडी उभी असली म्हणजे ड्रायव्हर विश्रांती घेतोय, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. मालकाने, कारखान्याने, पोलिसाने, घरच्यांनीसुद्धा. माझी बायको फोनवर विचारायची, "काय करताय?" मी म्हणायचो, "काही नाही, उभा आहे." आम्हीच असं बोलतो. त्या रात्री माझा अपघात झाला असता तर कागदावर काय आलं असतं? ड्रायव्हर साडेतीन तासच गाडी चालवत होता. त्याच्या आधीचे पंधरा तास कुठेच लिहिलेले नसते.

लिहिलेले असतात खरं तर. गेटवरच्या रजिस्टरमध्ये. आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ, माझी सही. ते रजिस्टर कुणी उघडत नाही.

देशाने १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा केला. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, आणि जिथे रात्रीचा मुक्काम करावा लागतो तिथे विश्रांतीची खोली. माझ्या जन्माआधी हे लिहून ठेवलंय. हे मला कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा जाऊन नवी कामगार संहिता आली. पण त्या जुन्या कायद्यात एक गोम होती. ही सगळी जबाबदारी टाकली ट्रान्सपोर्टवाल्या मालकावर. माझा मालक आडगावला, एका गाळ्यात त्याचं ऑफिस. मी उभा असतो तिसऱ्याच कुणाच्या गेटवर. कारखाना म्हणतो हा आमचा माणूस नाही, मालक म्हणतो तिथे माझं काय चालतं. त्या गेटबाहेरच्या रस्त्यावर मी कुणाचाच नसतो. हॉल्टिंग म्हणून कधी भाडं वाढवून मिळालंच तर ते गाडीला मिळतं. गाडीच्या उभ्या दिवसाला दर आहे, माणसाच्या उभ्या दिवसाला नाही.

जानेवारी २०२४ मध्ये नव्या न्याय संहितेतल्या १०६(२) कलमावरून देशभर गाड्या थांबल्या होत्या. मनमाडजवळ पानेवाडीत टँकर उभे राहिले आणि नाशिकच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ते सगळ्यांना आठवत असेल. अपघात करून पोलिसांना न कळवता पळून गेला तर १० वर्षांपर्यंत शिक्षा. ते कलम अजून लागू केलेलं नाही. तेव्हा मला लोकांनी विचारलं, तू पळणाऱ्याच्या बाजूने आहेस का? नाही. जखमी माणसाला रस्त्यावर टाकून जाणारा चुकतोच, जमाव मारेल ही भीती खरी असली तरी पुढच्या चौकीत जाऊन हजर व्हायला पाहिजे. माझं म्हणणं वेगळं आहे. अपघातानंतर ड्रायव्हरने काय केलं यावर इतका विचार झाला, तर अपघाताच्या आधीच्या चोवीस तासांत त्याच्याशी काय झालं यावर एक ओळ तरी का नाही? गाडीची तपासणी होते, लायसन्स बघतात, दारू प्यायला होता का बघतात. किती तास जागा होता आणि कुणामुळे, हे कुणी विचारत नाही. कारखान्याच्या माणसाला तर जबाबालाही बोलावत नाहीत.

सुधारणा झाल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. २०२५ मध्ये नव्या बनणाऱ्या मोठ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, मनापासून चांगलं वाटलं. पण गेटवर इंजिन बंद असतं आणि डिझेलचा हिशोब मालक लिटरवर करतो, तेव्हा थंडावा पाहिजे तिथेच तो मिळणार नाही. समृद्धी ५ जून २०२५ ला पूर्ण ७०१ किलोमीटर सुरू झाला, इगतपुरीजवळचा आठेक किलोमीटरचा बोगदा पार केला की कसारा टळतो. मालक टोल भरायला तयार असला तर मी तिकडूनच जातो. घाटातला तास-दीड तास वाचतो. तो वाचलेला तास पुढे कुठल्यातरी गेटवर उभं राहून जातो. आणि सरळ रस्ता झोप आणतो, हे वर सांगितलंच.

कांद्याच्या गाड्यांवर होतो तेव्हा असं नव्हतं. लासलगावला किंवा पिंपळगावला माल भरायला कष्ट होते, गोण्यांची थप्पी लागेपर्यंत लक्ष ठेवायचं, मग ताडपत्री टाकून रस्सी आवळायची, हाताला घट्टे पडायचे. पण कांदा कोंडून राहिला तर तापतो, त्याला पाणी सुटतं, म्हणून गाडी कुणी विनाकारण थांबवत नव्हतं. थांबली तर मार्केटात हमालांसोबत चहा, नळ, झाडाखाली पथारी. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात अचानक बंद झाली तेव्हा मात्र भरलेल्या गाड्या अडकल्या. ओळखीचा एक पोरगा होता त्यात, रोज फोन करायचा. बातम्यांत शेतकऱ्याचं नुकसान आलं, व्यापाऱ्याचं आलं, आणि ते यायलाच पाहिजे होतं. गाडीत बसून राहिलेल्या माणसाचं कुठे आलं नाही.

हे सुधारणं अवघड नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सिन्नरच्या माळेगाव वसाहतीत एक कारखाना आहे. तिथे आदल्या संध्याकाळी फोन येतो, उद्या दुपारी दोनला या. दोनला गेलो की तीनपर्यंत आत. गेटच्या आत डाव्या हाताला एक पत्र्याची खोली, दोन पंखे, सहा सतरंज्या, मागे संडास आणि न्हाणी, पिण्याच्या पाण्याची टाकी. बूट खोलीतच ठेवलेले, नंबरवार. मोठा खर्च नाही यात. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या दिवाणजींनी विचारलं, "जेवलात का?" एकवीस वर्षांत गेटवर मला हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा कुणी विचारला. त्या दिवशी रात्री दहाला निघालो ते आंघोळ करून, चार तास झोपून. कसारा उतरलो, खर्डी-आटगावच्या पट्ट्यात डोळे टक्क उघडे होते.

२०२७ चा सिंहस्थ जवळ आलाय. रस्ते रुंद होतायत, पार्किंगच्या जागा तयार होणार, हजारो संडास उभे राहणार. पर्वणीच्या दिवसांत आमच्या गाड्या शहराबाहेर अडवतील, ते बरोबरच आहे, भाविकांचा जीव मोठा. पण अडवाल तिथे पाणी आणि सावली द्या. आणि मेळा संपला की त्या जागांपैकी दोन-तीन, विल्होळीकडे एक, आडगावकडे एक, सिन्नरकडे एक, अशा जड गाड्यांसाठी कायम ठेवा. रांग रस्त्यावर लागण्याऐवजी तिथे लागेल, नंबर फोनवर कळेल, तोवर माणूस झोपेल. महापालिकेत, एमआयडीसीत कुणाची ओळख असेल त्यांनी हे पुढे न्यावं, मी कुठेही यायला तयार आहे.

आणि तुम्ही सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर, कुठेही कामाला असाल तर उद्या ड्यूटीवर जाताना गेटवर दोन मिनिटं थांबा. वॉचमनकडे गाड्यांचं रजिस्टर मागा, एकच पान बघा, आत आल्याची वेळ आणि बाहेर गेल्याची वेळ. सगळ्यात जास्त किती तास निघतात ते खाली लिहा. कारखान्याचं नाव नको, फक्त तास.