रानाचा सुवास हवा असेल तर पावसाळा सोडा

स्पष्टच लिहितो. जूनमध्ये गडावर जाऊन "रानाचा काय सुगंध येतो" म्हणणाऱ्यांना जो वास आवडतो तो बहुतेक ओल्या मातीचा असतो, आणि तो मातीतल्या सूक्ष्मजीवांचा. झाडांचा त्यात फारसा हात नाही. सह्याद्रीतली घमघमणारी रानफुलं बहुतेक फेब्रुवारी ते मे या काळात येतात. नेमकं तेव्हाच ऊन लागतं म्हणून कोणी फिरकत नाही!

वेळही पाळावी लागते. करवंदाच्या जाळीपाशी दुपारी बाराला उभं राहिलात तर नाकाला काही लागणार नाही. उन्हाने आणि वाऱ्याने वास पांगतो. कुसर (रानजाई म्हणा) तर संध्याकाळीच उमलते. पांढऱ्या, रात्री उमलणाऱ्या अशा बऱ्याच फुलांना निशाचर पतंग बोलवायचे असतात, त्यामुळे त्यांचा दरवळ अंधार पडताना वाढतो. वारा मंद असावा, आणि तो झाडाकडून तुमच्याकडे येणारा. फुलात नाक खुपसून बसू नका, दोनचार मिनिटांत नाक सरावतं आणि वास "गेला" असं वाटतं. दहा पावलं लांब जा, परत या.

माझ्या मते या सगळ्यांत पहिला नंबर सुरंगीचा. वेंगुर्ले, सावंतवाडीकडे आणि गोव्यात. फुलं शेंड्याला नाही, जुन्या फांद्यांना थेट चिकटून येतात. चार पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्या केसरांचा गच्च झुबका. गजऱ्यासाठी कळ्या पहाटेच काढतात, कारण फूल उमललं की पाकळ्या गळतात आणि मधमाश्यांची झुंबड उडते. गोव्यात त्याचेच वळेसर, म्हणजे माळायचे सर. सुकल्यावरही वास टिकतो, पण सावलीत सुकवा.

पानांचा प्रकार वेगळा, ती चुरडल्याशिवाय बोलत नाहीत. माकडलिंबाचं पान उजेडासमोर धरा, बारीक पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. कडेचा नखाएवढा तुकडा चुरडला तरी लिंबाचा वास येतो, अख्खी डहाळी मोडायची गरज नाही. पुढचं पान घेण्याआधी बोटं धुवा किंवा मातीत घासा, नाहीतर निरगुडीचा उग्र वास पुढच्या प्रत्येक पानाला येत राहील.

ओळख पटल्याशिवाय मात्र काहीही चुरडू नका. बिब्ब्याचं पान मोठं, लांबट, खालून पांढुरकं असतं. त्याचा चीक हवेत काळा पडतो आणि कातडीवर फोड आणतो. निवडुंगाचा चीक डोळ्यात गेला तर थेट डॉक्टर गाठावा लागतो.

पावसाच्या तोंडावर एक वास मात्र चुकवू नये, शेवळाचा (ही एक रानभाजी). उमललेल्या फुलाला सडक्या मांसासारखी घाण येते, ती माश्या आणि किडे ओढून घेण्यासाठी. बाजारात येतात ते न उमललेले कोंब, त्यामुळे काकडं (एक रानफळ) घालून शेवळाची भाजी आवडीने खाणाऱ्या कित्येकांना हे ठाऊकच नसतं.