आग सोडा, ओल मोजा

दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पंजाब-हरियाणात पराली, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेला भाताचा पेंढा, पेटली की आपल्याकडे एक सल्ला फिरू लागतो: जाळता कशाला, त्याचे गठ्ठे रचून घरं बांधा. उत्तरही ठरलेलं: एक काडी पडली की राख!

इंग्लंडात राहून हा वाद ऐकताना वाटतं, भांडण भलत्याच मुद्द्यावर चाललंय. बाथ विद्यापीठाच्या आवारात २००९ साली काडाच्या गठ्ठ्यांचं दुमजली 'बेलहाउस' उभं राहिलं. तसल्या भिंतीची भट्टीत चाचणी झाली. हजार अंशांवर ती दोन तासांहून जास्त टिकली. दाबलेल्या गठ्ठ्यात हवाच खेळत नाही, वर चुन्याचा जाड गिलावा. पेट घेतं ते कामावर सांडलेलं सुटं काड. ते रोज झाडून काढायचं.

भिंत मरते ती ओलीने. म्हणून गठ्ठा उतरवून घेतानाच तपासायचा. दोरीला धरून उचला. मधोमध वाकला तर परत पाठवा. मीटरभर लांब, अर्धा मीटर रुंद गठ्ठ्याचं वजन साधारण १६ ते २० किलो भरावं. हलका निघाला तर तो पुढे दबतो आणि गिलाव्याला तडे जातात. लांब सळईचा ओलमापक थेट गाभ्यापर्यंत खुपसा. वरवरचा आकडा फसवतो. १५ टक्क्यांच्या आत असेल तर घ्या. भिंतीत ओल २५ टक्क्यांवर टिकून राहिली की काड कुजतं. गिलावा सिमेंटचा केलात तर आत शिरलेली ओल बाहेर पडत नाही. मजबुतीच्या नावाखाली हीच चूक सर्रास होते.

जोतं किमान फूटभर उंच, वळचण दोन फूट पुढे: हे आपल्या जुन्या मातीच्या घरांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कोकणात माडाच्या झापांचा आडोसा उगाच करत नसत.

आता काड कुठलं? कडब्याला हात लावू नका, तो गुरांच्या तोंडचा घास. भाताच्या पेंढ्यात सिलिका जास्त, म्हणून तो चारा म्हणून हलका आणि कुजायलाही सावकाश. तेव्हा सुरुवात भंडारा-गोंदियात व्हावी, मुसळधार पावसाच्या रत्नागिरीत नव्हे. वाळवीचं उत्तर मात्र इंग्लंडच्या चाचण्यांत शोधू नका, इंग्लंडात तो त्रासच नाही. आधी घर नको, एक भिंत बांधा: तोंड पावसाच्या झोडीकडे, बाहेरच्या गिलाव्यामागे दोन इंचांवर आणि गाभ्यात ओलमापक, जोत्यापाशी वाळवीवर नजर. दोन पावसाळे आकडे लिहून ठेवा.