मिशीवरून बाप ठरवायचा?

रशियन शोधप्रवासी प्रझेवाल्स्की हाच स्टालिनचा खरा बाप होता, अशी वदंता लेखात दिलीय; दोघांचे फोटो शेजारी लावून 'म्हणूनच ही वदंता खरी वाटते' असं लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. चेहरे मिळतात हे मान्य, पण तारखा तरी बघायच्या ना! जॉर्जियातल्या गोरी या त्याच्या जन्मगावच्या चर्चच्या नोंदीत स्टालिनचा जन्म डिसेंबर १८७८ चा आहे, आणि त्या वर्षीच्या सुरुवातीला, म्हणजे गर्भ राहिला असेल तेव्हा, प्रझेवाल्स्की चीनच्या सीमेवर झैसानला आजारी पडून होता, जॉर्जियापासून हजारो किलोमीटर लांब. बरं, सोव्हिएत काळातली १८७९ ची अधिकृत तारीख धरली तरी तेच, कारण त्या मार्चमध्ये तो झैसानहूनच तिबेटच्या मोहिमेवर निघाला होता.

मला जास्त राग येतो तो केकेसाठी, म्हणजे स्टालिनच्या आईसाठी. गरीब बाई, दारुडा नवरा, लोकांचे कपडे शिवून-धुवून पोराला शिकवलं आणि आपण दीडशे वर्षांनी एका मिशीवरून तिच्या चारित्र्यावर बोलतोय. तुलनाच करायची तर प्रझेवाल्स्की झारच्या सैन्यातला अधिकारी होता, त्याचे नकाशे लष्कराच्याही कामाचे होते, त्यावर लिहा की, लेखात फक्त त्याच्या नावाने ओळखला जाणारा रानटी घोडा तेवढा आलाय.