सोमवारपासून बदलू पाहणाऱ्यांसाठी

स्वतःला बदलायचं ठरवलंत, अभिनंदन! मुख्य काम उरकलं. आता राहिलं प्रत्यक्ष बदलणं, पण त्याला जरा बरी तारीख हवी. आज गुरुवार असेल तर विषयच संपला. गुरुवारी दुपारी कोणी सुधारल्याचं ऐकिवात नाही. सोमवार धरा. सोमवारपेक्षा एक तारीख बरी, एक तारखेपेक्षा वाढदिवस आणि सगळ्यांत भारदस्त म्हणजे एक जानेवारी. यात माझ्या पदरचं काही नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस यांनी २०१४ साली दाखवून दिलं, की आठवडा, महिना किंवा वर्ष नवं सुरू झालं की लोक व्यायामशाळेत जास्त जातात आणि 'डाएट' हा शब्द इंटरनेटवर जास्त शोधतात. म्हणजे वर्षाला बावन्न पुनर्जन्म तुमच्यासाठी राखून ठेवलेले आहेत. त्यातला एक या आठवड्यात खर्ची घालण्याची एवढी काय घाई?

वाट पाहताना रिकामे बसू नका. व्यायामशाळेचं सभासदत्व घेऊन टाका, तेही दर महिन्याचं. अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांच्या साडेसात हजारांहून अधिक सभासदांच्या नोंदी तपासून स्तेफानो देल्लाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थतज्ज्ञांनी २००६ साली एक गोष्ट उघड केली. दर महिन्याला पैसे भरणारे इतके क्वचित फिरकत, की एकेका फेरीचे सुटे पैसे दिले असते तर त्यांना ते स्वस्त पडलं असतं. सोमवारच्या स्वतःवर माणसाचा केवढा हा विश्वास! आत्मविश्वास कमी आहे म्हणून लोक उगाच कुरकुरतात.

तरी तो कमी वाटतच असेल, तर सुरुवात करू नका. आधी आत्मविश्वास काठोकाठ भरू द्या, मग बघू. यात एकच माणूस आडवा येतो. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ सालीच सांगून ठेवलं, की 'मला हे जमेल' ही भावना चार वाटांनी येते: स्वतः करून, आपल्यासारख्या कोणाला करताना बघून, कोणी धीर दिल्याने आणि त्या वेळच्या मनाच्या-शरीराच्या अवस्थेतून. आणि चारांतली सर्वांत भक्कम वाट पहिली. म्हणजे आधी करायचं, विश्वास मागून येणार! अशाने कोण सुरू करील? तेव्हा तुम्ही फक्त तिसरी वाट धरा. धीर देणारे पुष्कळ आहेत. पहाटे साडेचारला उठणाऱ्या यशस्वी माणसांचे व्हिडिओ रात्री दीडपर्यंत पाहा. अंगावर काटा आला पाहिजे. तो ओसरला की पुढचा लावा.

पहिल्या वाटेवर पाय पडू नये म्हणून छोट्या कामांपासून मात्र फार जपा. पाच मिनिटं चालणं, अर्धं पान वाचणं, फोन शेजारच्या खोलीत ठेवून झोपणं, ही कामं दिसायला निरुपद्रवी असतात. पण ती होतात, हाच त्यांचा दोष. एकदा झाली, की दुसऱ्या दिवशी मन हळूच म्हणतं, काल जमलं होतं की. तिथून माणूस हाताबाहेर जायला वेळ लागत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी तासभर धावा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना गुडघे जे बोलतील, तो तुमच्या क्षमतेवरचा अंतिम निकाल समजा.

आणि हो, गाजावाजा राहिला. नव्या तुमची घोषणा सगळ्यांना करा. पेटर गॉलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ साली असं दाखवलं, की 'मी अमुक होणार' हा इरादा दुसऱ्या कोणी ऐकून त्याची दखल घेतली, तर माणूस त्यासाठी पुढे कमी खपतो. लोकांनी 'वा!' म्हटलं, की झाल्यासारखंच वाटतं. इतक्या स्वस्तात दुसरं काय मिळतं?

आता धीराकडे वळू. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस असतात; बाहेरच्यांनी ते एकवीस केले: म्हणे एकवीस दिवसांत सवय जडते. मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या लक्षात आलं होतं, की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीसेक दिवस लागतात. १९६०च्या पुस्तकात त्याने ते लिहिलं, आणि 'निदान' हा शब्द वाटेत कुठेतरी गळाला. तो शोधत बसू नका. एकविसाव्या दिवशी सकाळी स्वतःला तपासा आणि आपोआप जाग आली नसेल, तर 'माझ्यात दमच नाही' म्हणून मोकळे व्हा. या बाबतीत फिलिपा लॅली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांचं ऐकू नये. त्यांनी ९६ जणांना रोज ठरावीक प्रसंगी एक नवी गोष्ट करायला लावली. ती अंगवळणी पडायला कोणाला १८ दिवस लागले, कोणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मध्यक आला ६६. एवढी तफावत मान्य केली, तर शेजाऱ्याशी तुलना कशी करायची? आणि तुलना नाही, तर निराश कशाच्या जोरावर व्हायचं?

त्याच अभ्यासात आणखी एक घातक गोष्ट निघाली: एखादा दिवस चुकला, तरी सवय जडण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. हे कानाआड करा. त्यापेक्षा जुने मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांना धरा. नवी सवय पक्की मुरेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका, असं त्यांनी १८९० साली बजावलंय. (केलेल्या संकल्पावर पहिल्याच संधीला कृती करा, असंही त्यांनीच लिहिलंय. तो भाग ओलांडा.) म्हणजे मंगळवारी चुकलं, की बुधवारपासून रविवारपर्यंत तुम्ही मोकळे. आहार सांभाळणाऱ्यांना प्रयोगात मिल्कशेक पाजला, तेव्हा त्यांनी नंतरचं आइस्क्रीम कमी न खाता उलट जास्त खाल्लं. एकदा मोडलंच आहे, तर नीट मोडू, या न्यायाने. माणसाच्या स्वभावात इतकी शिस्त क्वचितच दिसते.

एवढं करूनही धोका पूर्ण टळत नाही. सवय किती अंगवळणी पडली, हे दाखवणारा लॅलीबाईंचा आलेख सुरुवातीला झपाझप चढतो आणि मग सपाट होत जातो. त्या सपाटीवर काहीच घडत नाहीसं वाटतं. ना उत्साह, ना 'वा!'. एखाद्या सकाळी बूट पायात चढलेले असतात आणि आपण ठरवलं कधी, हे आठवत नाही. असं झालं, तर तुम्ही बेसावध राहिलात. ताबडतोब खाली बसा, बूट काढा, याहून तिप्पट अवघड नवा कार्यक्रम कागदावर आखा आणि येत्या सोमवारची तारीख घाला.