फुलबाजीचा कायदा

गेल्या दिवाळीत आमच्या दारात पोलिसांची गाडी आली. न्यू जर्सीतलं आमचं गाव, संध्याकाळचे सात वाजलेले, ड्राइव्हवेत माझी सतरा वर्षांची लेक आणि तिची मैत्रीण फुलबाज्या पेटवतायत, बाजूला पाण्याची बादली. कुणी शेजाऱ्याने फोन केला असावा. अधिकारी सभ्य होता. गावात आतषबाजीला बंदी आहे एवढं म्हणाला, उरलेल्या फुलबाज्या बादलीत बुडवायला लावल्या आणि 'हॅपी दिवाली' म्हणून गेला. आत फराळाला बसलेल्या मंडळींनी लगेच नेहमीचा सूर लावला: बघा, इकडे नियम म्हणजे नियम. आपल्याकडे कोण पाळतंय?

भांडी आवरल्यावर मी तो नियम शोधायला बसले. मी वकील नाही, हिशेब तपासते. मूळ कागद पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारचे नियम ५० भागांत लावलेले आहेत, फटाके त्यातल्या १६ व्या भागात. साध्या फटाक्यात दारू किती चालेल, तर ५० मिलिग्रॅम. म्हणजे आपली लवंगी. सुतळी बॉम्ब विसरा. पण केंद्र मुख्यतः माल कसा असावा ते सांगतं. तो कुणी वापरायचा हे राज्याचं. न्यू जर्सीच्या संहितेत २१ वा भाग स्फोटकं आणि आतषबाजीचा. तिथे सापडलं, की हातात धरायच्या फुलबाजीला आणि जमिनीवर ठेवायच्या छोट्या भुईनळ्याला २०१७ पासून परवानगी आहे, वय तेवढं १६ पूर्ण हवं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आकाशात उडणारे फटाकेही दुकानात मिळतात. ते डिकीत घालून डेलावेअर नदी ओलांडलीत की इकडे गुन्हा. उलट हडसनपलीकडे न्यूयॉर्क शहरात फुलबाजीसुद्धा चालत नाही.

राहता राहिलं गाव. न्यू जर्सीत ५६४ नगरपालिका आहेत आणि प्रत्येकीचे उपविधी वेगळे. आमच्या गावाचे उपविधी एका खासगी कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. तिथे जुनं वाक्य तसंच बसलेलं: सर्व प्रकारच्या आतषबाजीस मनाई. अधिकाऱ्याने बहुधा तेच वाचलं असणार. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या क्लार्कबाईंना ईमेल केला. उत्तर आलं, तुमचं बरोबर आहे, आमचं पान सुधारायचं राहून गेलंय.

म्हणजे आम्ही त्या संध्याकाळी निमूटपणे जो पाळला, तो नियम राज्याने कधीच सैल केला होता.

हे मी आमच्या घरच्या ग्रुपवर लिहिलं, तर डोंबिवलीहून दादाचं उत्तर आलं: निदान तुला सापडला तरी. त्याला २०२३ ची दिवाळी आठवत होती. मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नावरून फटाक्यांची वेळ आधी रात्री ७ ते १० ठरवली आणि चारच दिवसांत ती ८ ते १० केली. ग्रुपवर दोन्ही बातम्यांचे फोटो फिरत होते, दोन्ही खरे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पहिली वेळ फळ्यावर लावली, दुसरी लावायच्या आत दिवाळी संपली. शिवाय आपल्याकडे फटाक्याची मर्यादा आवाजाची: उडाल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबल. दादा विचारतो, मोजायचं कशाने?

आपली माणसं कायदा मोडतात, हे गाऱ्हाणं मी इथे प्रत्येक महाराष्ट्र मंडळात ऐकते. मला ते अर्धवट वाटतं. मोडायला आधी तो माहीत तर हवा. लाउडस्पीकरचंच घ्या. ध्वनिप्रदूषण नियम २००० चे. रात्री दहानंतर बंद. २००२ मध्ये दुरुस्ती आली, की सणासुदीला राज्य सरकार वर्षातले १५ दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. २०१० मध्ये आणखी एक, की ते दिवस आधी जाहीर करा. मग दरवर्षी जिल्ह्याजिल्ह्यात त्या दिवसांची यादी निघते. दुरुस्तीची अधिसूचना उघडा, तर 'या शब्दांऐवजी पुढील शब्द दाखल करण्यात येतील' एवढंच. कोणते शब्द, कुठे, हे पाहायला मूळ नियम दुसऱ्या खिडकीत हवा. शासन निर्णयांचं तेच. वर 'वाचा' म्हणून आधीचे पाच-सहा निर्णय क्रमांकासह असतात, आणि वाचायला गेलं तर दोन मिळतात, तिसरा कुणाच्या तरी कपाटात. इथे अमेरिकेत केंद्राचे नियम रोजच्या रोज दुरुस्त्या मिसळून एकसंध वाचायला मिळतात. मला हेवा वाटतो तो ह्याचा. रस्त्यांचा वगैरे नाही.

अर्थात अमेरिकेलाही हे शहाणपण उपजत नव्हतं. १९३० च्या दशकात टेक्ससमधल्या तेल कंपन्यांवर सरकारने एका नियमाखाली कारवाई केली. खटला सर्वोच्च न्यायालयाच्या वाटेवर असताना लक्षात आलं, की १९३३ च्या एका दुरुस्तीत तो परिच्छेद चुकून गळाला होता. सरकारी वकिलांनाही पत्ता नव्हता, कारण आदेश छापून एका जागी ठेवायची सोयच नव्हती. त्या फजितीनंतर १९३५ मध्ये कायदा झाला आणि १९३६ च्या मार्चमध्ये केंद्राचं दैनिक राजपत्र सुरू झालं. आणि अजून तरी सगळं कुठे सुरळीत आहे? जॉर्जिया राज्य आपल्या अधिकृत, टिपांसह छापलेल्या कायद्यांवर कॉपीराइट सांगत होतं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं, तेही पाच विरुद्ध चार असं, काठावर.

आपल्याकडे तत्त्व तर १९५१ मध्येच सांगून झालंय. जयपूर संस्थानाने १९२३ मध्ये अफूचा कायदा ठराव करून मंजूर केला आणि प्रसिद्धच केला नाही. त्याखाली शिक्षा झालेल्या हरला नावाच्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने सोडलं. जो कायदा लोकांना कळायची वाटच नाही, त्याने लोकांना बांधता येत नाही, असं न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं. हे बोस आपल्या नागपूर उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले. हा निकाल मी 'इंडियन कानून'वर वाचला, फुकट. ते शोधयंत्र मिशिगन विद्यापीठात शिकलेल्या सुशांत सिन्हांनी २००८ मध्ये सुरू केलं. सरकारने करायचं काम परदेशात शिकलेल्या एका संगणकवाल्याने करावं, याचा अभिमान वाटून घ्यावा की लाज, मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा गणपतीच्या आधी दादाने विचारलं, बारापर्यंतच्या परवानगीची ठाण्याची यादी शोधून देशील का, तुला सवय आहे. मी दोन रात्री जागले. गेल्या दोन वर्षांच्या मिळाल्या, यंदाची नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच फोटो पाठवला. शिक्क्यासकट अख्खा आदेश, नाक्यावरच्या मंडळाच्या मांडवात खांबाला चिकटवलेला.