‘कुठलाही इलेक्ट्रिशियन करून देतो’: ‘परखड’ यांना उत्तर

‘परखड’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

पश्चिम केनियातल्या काकामेगाच्या शाळांमधल्या सोलरवर चालणाऱ्या संगणक-लॅबबद्दल मी लिहिलं, त्यावर आपली प्रतिक्रिया आली. मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको, म्हणून ती अख्खी देतो: ‘लेख म्हणजे सामानाची यादी आहे. पॅनल-बॅटरीचं काम कुठलाही इलेक्ट्रिशियन दोन दिवसांत करून देतो. खरा प्रश्न शिक्षकाची बदली झाल्यावर लॅब कोण चालवणार हा आहे, त्यावर चकार शब्द नाही. शिवाय आता प्रत्येक पोराच्या हातात मोबाइल आहे, लॅब हवीच कशाला? काकामेगा हा जिल्हा नव्हे, काउंटी आहे. उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.’

सहा वाक्यं. शेवटच्यापासून सुरुवात करतो, कारण ते लिहिताना आपल्याला सगळ्यात जास्त मजा आलेली दिसते.

उंट केनियाच्या उत्तरेला, तुर्काना-मार्साबिट-वजीरकडे असतात. काकामेगात ऊस, मका आणि पाऊस. अकरा वर्षं मी त्या भागातल्या शाळांची वायरिंग करतो आहे आणि हाकायला शेळी मिळाली नाही, बसायला उंट तर नाहीच. हे सांगायची वेळ येऊ नये असं वाटत होतं. एखाद्याचं म्हणणं चूक वाटलं तर चूक म्हणावं, त्यासाठी माणूस कुठे बसून लिहितो याचा अंदाज बांधायची गरज नसते. मतभेदाला माझी ना नाही, पण सुराला आहे. ‘परखड’ नाव घेतलं की वाटेल ते बोलायचा परवाना मिळतो असा अलीकडे समज झालेला दिसतो.

काउंटीचं मात्र बरोबर. २०१० च्या राज्यघटनेने ४७ काउंटी केल्या आणि २०१३ च्या निवडणुकीपासून कारभार त्यांच्याकडे गेला. मी जुन्या सवयीने जिल्हा लिहिलं. दुरुस्ती केली आहे, आभार.

आता ‘कुठलाही इलेक्ट्रिशियन दोन दिवसांत करून देतो’.

पहिली गोष्ट, कुठलाही नाही. केनियात सोलर बसवणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. २०१२ च्या नियमांनी त्याचे टी-१, टी-२, टी-३ असे वर्ग केले: पहिल्याला १०० वॉटपर्यंतचं काम, दुसऱ्याला ३०० पर्यंत, त्यापुढचं तिसऱ्याला. माझ्या लेखातली लॅब ५५० वॉटची. बाजारातल्या जुआ काली फुंडीबद्दल मला आदरच आहे (फुंडी म्हणजे कुठल्याही कामाचा कारागीर, जुआ काली म्हणजे उघड्या उन्हात धंदा मांडणारा). पण घरात दोन दिवे आणि एक रेडिओ चालवणं वेगळं आणि बारा संगणक रोज पाच तास चालवणं वेगळं.

दुसरं, आपल्याकडचा चांगला इलेक्ट्रिशियन नेला तरी तो पहिली चूक छपरावरच करेल. महाराष्ट्रात पॅनल दक्षिणेला तोंड करून अठरा-वीस अंशांवर ठेवायचा हात बसलेला असतो. काकामेगा विषुववृत्ताला चिकटून आहे. जूनमध्ये तिथे सूर्य उत्तरेला असतो, डिसेंबरमध्ये दक्षिणेला. दक्षिणेला वीस अंश वाकवलेलं पॅनल जूनमध्ये उन्हापासून तोंड वळवून बसतं. तिथे दहा अंश पुरतात, तेही धूळ पावसाने वाहून जावी म्हणून. दिशेने फार फरक पडत नाही. पॅनल आणि माबातीचे (छपराचे नालीदार) पत्रे यांच्यात दहा-पंधरा सेंटिमीटर फट ठेवायची. पत्रा तापतो, पॅनल तापतं आणि पंचविसाच्या वर दर अंशाला साधारण ०.४ टक्के उत्पादन जातं. पॅनल साठ अंशांवर गेलं की चौदा टक्के गेले. बोल्ट मात्र न उघडणारे वापरा. का, ते विचारू नका.

तिसरं, हिशेब. मॉनिटर १६ वॉट, रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त संगणक, पुढे नुसता ‘पाय’) ५ वॉट, म्हणजे एका जागेला २१. बारा जागांचे २५२. कोलिब्री या धड्यांच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर आणि राउटर मिळून २०. बेरीज २७२ वॉट, गुणिले पाच तास, १३६० वॉट-तास. वायर, कन्व्हर्टर, बॅटरी यांची गळती धरून १६५० धरा. वर्षभराच्या सरासरीने पाच तासांचं पुरं ऊन मिळतं, त्यातलं ७० टक्केच हाती लागतं असं समजून ४७० वॉट लागतात. २७५ चे दोन पॅनल घेतले की मार्च ते मे या मोठ्या पावसासाठी थोडी शिल्लक राहते. यात सगळ्यात जास्त खातो तो मॉनिटर, संगणक नव्हे. देणगीत आलेले जुने ट्यूबलाइटवाले एलसीडी ३० ते ४० वॉट ओढतात. फुकटचे मॉनिटर घेऊन पॅनल-बॅटरीवर दुप्पट पैसे घालणाऱ्या संस्था आहेत. ही ‘सामानाची यादी’ त्यांच्यासाठी होती.

आणि याच पॅनलवर बाजारातला स्वस्त पीडब्ल्यूएम कंट्रोलर (पॅनल आणि बॅटरी यांच्यामधला, चार्जिंग सांभाळणारा डबा) लावला तर? साठ सेलचं पॅनल साधारण ३१ व्होल्ट आणि ८.८ अँपिअर देतं. हा कंट्रोलर त्याला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ८.८ गुणिले १३, म्हणजे ११४ वॉट. २७५ चे पैसे मोजले, ११४ मिळाले. बॅटऱ्या २४ व्होल्टवर जोडल्या तर दुसरी पंचाईत: तापलेलं पॅनल २७ वर उतरतं, बॅटरी पुरी भरायला २८.८ लागतात, म्हणजे ती कधीच भरत नाही. अर्धपोटी राहिलेल्या शिशाच्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात आणि वर्षभरात ती जाते. मग ‘आफ्रिकेत प्रकल्प टिकत नाहीत’ असे लेख येतात. म्हणून एमपीपीटी कंट्रोलर, जो पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालू देतो, आणि दोन्ही पॅनल सिरीजमध्ये. उघड्या सर्किटचं, म्हणजे भार न जोडता मोजलेलं, व्होल्टेज ७६ च्या आसपास जातं, तेव्हा कंट्रोलर १०० व्होल्टचा हवा, ३० अँपिअरचा.

चौथं, तांबं. दहा मीटर लांब वर्गखोली, जाऊन-येऊन वीस मीटर वायर. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा रोध मीटरला ०.००७४ ओहम. १२ व्होल्टवर सगळा भार टोकाला धरला तर २१ अँपिअर वाहतात आणि वाटेत तीन व्होल्ट संपतात. शेवटच्या टेबलावर नऊच्या आसपास उरतात, मॉनिटर लुकलुकतो, शिक्षक म्हणतात संगणक बिघडला. २४ व्होल्टवर ६ चौरस मिलिमीटरची तार टाकली की तूट ०.६५. व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर टेबलाखाली ठेवायचा, बॅटरीजवळ नाही. त्यापुढची यूएसबी केबल बारीक असली तर एक मीटरमध्ये २ अँपिअरला ०.८५ व्होल्ट पडतात. पायला ५ ऐवजी ४.१५ मिळतात आणि पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकते. पाय ४.६३ च्या खाली गेला की ती खूण दाखवतो. मुलांना ती शोभेची वाटते. तिच्या मागोमाग एसडी कार्ड खराब होतं.

एसडी कार्ड. यावर वेगळा लेख लिहिता येईल. लिहिणं चालू असताना वीज गेली की कार्डावरची फाइल-यादी फाटते, दुसऱ्या दिवशी मशीन उठत नाही. उपाय: पायच्या सेटिंगमधून ओव्हरले चालू करायचं, म्हणजे कार्डावर काही लिहिलंच जात नाही, सगळं मेमरीत राहतं आणि बंद करताना पुसलं जातं. मुलांचं काम सर्व्हरवर, सर्व्हर एसएसडीवर. हे केलं नाही तर दर सत्रात तीन-चार कार्डं मरतात. मग कार्डं नैरोबीहून येईपर्यंत मुलं फळ्यावर माउस काढून दाखवतात.

पाचवं, आकाशातली वीज. व्हिक्टोरिया सरोवराच्या आसपास दुपारनंतरची वादळं जगातल्या सगळ्यात कडाडणाऱ्या वादळांत मोजली जातात. किसी, काकामेगाच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पॅनलची चौकट आणि पत्र्याचं छप्पर एकाच अर्थिंगला जोडायचं, कंट्रोलरच्या आधी सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत उतरवणारा) लावायचा. आणि तरीही शेवटचा मुलगा बाहेर पडताना मुख्य स्विच पाडतो, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत. त्या स्विचचा आणखी एक फायदा: १००० वॉटचा इन्व्हर्टर रिकामा चालू राहिला तरी पंधरा वॉट खातो, चोवीस तासांत ३६० वॉट-तास. म्हणजे वर्गाच्या वीजवापराचा पाव हिस्सा, काहीही न करता.

एवढं दोन दिवसांत? वायर ओढून होईल. बाकी राहील.

आणि हे ‘बाकी’ म्हणजेच अभ्यासक्रम, असं माझं म्हणणं आहे. मूळ लेखातही तेच होतं, यादीच्या खाली. आपण तिथपर्यंत वाचलंत की नाही कुणास ठाऊक. माध्यमिकची दोन मुलं रोज सकाळी साडेसातला, काही चालू करायच्या आधी, बॅटरीला मल्टिमीटर लावतात आणि वहीत व्होल्टचा आकडा लिहितात. २५.४ म्हणजे भरलेली, २४.४ म्हणजे निम्मी, २४ च्या खाली म्हणजे रात्री कुणीतरी काहीतरी चालू ठेवलं. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतला पहिला प्रोग्राम याच आकड्यांचा आलेख काढतो. महिन्याभरात रेषा हळूहळू उतरायला लागली की पॅनलवर धूळ आहे, एकाच दिवशी कोसळली की इन्व्हर्टर. कोलिब्रीवरची गणितं चांगलीच आहेत, इंटरनेट लागत नाही, स्वाहिलीतही उघडतं. पण टक्केवारी आणि सरासरी पोरांना या वहीतून कळते, कारण आकडा चुकला तर उद्या मशीन सुरू होत नाही. अनेक स्वस्त कंट्रोलर कारखान्यातून २२.२ व्होल्टला लोड (बॅटरीवर चालणारं सगळं) तोडायचं ठरवून येतात. तोवर शिशाची बॅटरी पार रिकामी झालेली असते. तो आकडा २३.६ वर न्यायचा, आणि का न्यायचा हे पोरांनी आलेखावरून सांगायचं. याला मी तंत्रशिक्षण म्हणतो. आपण इलेक्ट्रिशियनचं काम म्हणता. ठीक आहे.

बॅटरीच्या पैशांचंही तिथेच आहे. चांगली जपली तर शिशाची जोडी तीन-चार वर्षं चालते, मग नवी लागते आणि तेव्हा देणगीदार फोन उचलत नाही. गावातल्या बायकांचा चामा, म्हणजे आपली भिशी, शाळेत फोन चार्जिंग चालवतो. एका फोनला गळतीसकट पंधरा वॉट-तास. शनिवार-रविवारी वर्ग नसताना वीस-वीस फोन सहज निघतात. आठवड्याच्या दिवशी चाळीस घेतले तर ६०० वॉट-तास गेले आणि वर्ग बुडाला. चामाच्या खजिनदारबाईंना हे गणित शाळेच्या बोर्डापेक्षा लवकर कळतं, कारण वही त्या बघतात. बॅटरीत पाणी डिस्टिल्डच घालायचं, बोअरचं नाही, हेही त्याच बघतात.

उरलेल्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही. मोबाइल सगळ्यांकडे आहे, मान्य. त्यावर चाळीस ओळींचा प्रोग्राम लिहून बघा आणि मग सांगा. बदल्यांचं म्हणाल तर तिथले शिक्षक टीचर्स सर्व्हिस कमिशनचे, बदल्या होणारच. साताऱ्याच्या झेडपी शाळेत होत नाहीत का? तिथे कुणी विचारत नाही की मग शाळा कशाला. बदलीवर मी ‘चकार शब्द’ काढला नाही, कारण तो लेख बदलीवर नव्हता. कधीतरी लिहीन, सवडीने. लेख कशावर हवा ते आपण आधी कळवत जा, म्हणजे सोय होईल.

ता. क. मूळ लेखातली टेबलांपर्यंतची तार ४ चौरस मिलिमीटरची होती, ती ६ केली आहे. ४ वरही चाललं असतं, तूट एक व्होल्टच्या आतच येते. हा बदल काल रात्री आकडे पुन्हा मांडताना माझा मलाच सुचला, त्याचा आपल्या प्रतिक्रियेशी संबंध नाही.